भिंगरी आणि जांभळी मखमल

माझी धाकटी बहीण एका जागी बसलेली मी आयुष्यात दोनदाच पाहिली. पहिल्यांदा लहानपणी, गालफुगी झाली होती तेव्हा. तेव्हासुद्धा ती बसली होती म्हणण्यापेक्षा आईने तिला पांघरुणात गुंडाळून दोन्ही बाजूंनी दाबून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा बसली ती जांभळ्या मखमलीपायी. गोष्ट त्या दुसऱ्या बसण्याचीच आहे, पण आधी तिचं न बसणं सांगितल्याशिवाय त्यातली गंमत कळायची नाही.

घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. शाळेत एकदा वर्गाचा फोटो काढला. तेव्हाच्या कॅमेऱ्यापुढे श्वास रोखून उभं राहावं लागे. सगळ्या पोरांचे चेहरे स्वच्छ आले, आणि दुसऱ्या रांगेत आमच्या बहिणीच्या जागी नुसता धुरकट पट्टा. फोटोग्राफरने मास्तरांना विचारलं, "इथे कोण उभं होतं?" मास्तर म्हणाले, "उभं कुठलं, जात होतं."

तिला ठिकाणावर आणायला आईने एक दिवस सुईदोरा हातात दिला आणि वडिलांच्या सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं. तिने बटण लावलं, आणि त्याच भरात सदरा स्वतःच्या फ्रॉकला शिवून टाकला. वडिलांनी सदरा उचलला तर सदऱ्याबरोबर मुलगीही उचलली गेली. आई हसून हसून भिंतीला टेकली. पण आई हुशार. तिच्या ध्यानात आलं की बटण लावून होईपर्यंत पोरीचे पाय हलले नव्हते. त्या दिवसापासून आमच्या घरात फाटकं असं काही उरलं नाही. फाटकं संपल्यावर ती धडकं शिवायला लागली. चादरीवर फुलं, उशीवर मासे, माझ्या शाळेच्या पिशवीवर एक कोंबडा, त्याच्या तुऱ्याला साखळीटाका. त्या कोंबड्यापायी मी किती मार खाल्ला ते वेगळं सांगेन कधीतरी.

पुढे मोठी झाल्यावर पायही मोकळे सुटले. चालता चालता शिवायची. गळ्यात दोरा, खांद्यावर टोचलेल्या चार सुया, हातात कापड, आणि या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. तिला जेवायला बोलवावं तर घास तोंडात आणि पाय अंगणात.

अशा मुलीला नवरा मिळाला तो शिंपी, आणि असा शिंपी की मित्रमंडळी त्यांना थंडोबा म्हणत. एकदा त्यांच्या दुकानात साप निघाला. गिऱ्हाइकं टेबलावर चढली, एकजण तर मापं घ्यायच्या स्टुलावर एका पायावर उभा. आमच्या मेहुण्यांनी हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला, आणि म्हणाले, "दार उघडं ठेवा, जाईल." साप गेला. मेहुण्यांनी पुढची शिवण घेतली. दिवसभरात त्यांनी बोललेलं तेवढंच वाक्य असावं.

दुकान पुढे, राहायच्या खोल्या मागे. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, मध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडून मला दिवसभर दोन आवाज येत. एक मेहुण्यांच्या मशीनचा, एकसारखा. दुसरा बहिणीच्या चपलांचा, कसाही.

मेहुण्यांची एक शिस्त होती. कपडा कापला की त्याचे भाग एकत्र गुंडाळायचे आणि त्याच कापडाच्या पट्टीने बांधायचे. कापलेल्या भागांच्या गुंडाळीला दुहेरी गाठ. उरलेल्या चिंध्यांच्या गुंडाळीला एकेरी गाठ. एकेरी गाठ दिसली की ते बायकोचं, विचारायचं नाही, घेऊन जायचं. दुहेरी गाठीला हात लावायचा नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात या बाबतीत दोघांना एकमेकांशी एक शब्द बोलावा लागला नव्हता. मेहुण्यांना ती व्यवस्था आवडायची, त्याचं कारण तेच असणार.

त्या चिंध्यांच्या ती गोधड्या करी. आपली नेहमीची गोधडी कशी, सरळ थर, सरळ धावदोरा, कडेपासून कडेपर्यंत शेत नांगरल्यासारखा. तिची तशी नव्हे. खाली जुनी चादर ताणायची, मध्यावर एक वेडावाकडा तुकडा लावायचा, आणि त्याच्या भोवती हाताला येईल तो पुढचा. एकाही तुकड्याला काटकोन नाही. आणि प्रत्येक जोडावर नक्षीचा टाका. कुठे साखळी, कुठे काजटाका, कुठे माशाचा काटा, कुठे पाखराच्या पिसासारखा दोन्हीकडे झुकत गेलेला टाका. मधेच एखादं शिंपल्याचं बटण, लेसचा तुकडा, कोणाच्या तरी टोपीची रिबीन. मी एकदा म्हटलं, "अगं, ही गोधडी आहे की भांडलेल्या देशांचा नकाशा?" ती म्हणाली, "दादा, भांडलेत म्हणूनच तर शिवून टाकलेत."

लोकांना तिने पुष्कळ गोधड्या करून दिल्या. स्वतःच्या घरासाठी मात्र एकच, आणि ती कित्येक वर्षं चालूच. संपत आली की हिला एखादा जोड उघडा वाटे, मग त्यावर आणखी टाके, मग शेजारचा फिका दिसे, मग त्यावर. मेहुणे चादर पांघरून झोपत. त्यांनी कधी विचारलं नाही, कधी होणार म्हणून.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना एक दिवस दवाखान्यातल्या नर्सबाई दुकानात आल्या. हातात कागदात गुंडाळलेला एक लांब कोट. जांभळी मखमल, आत करड्या रेशमाचं अस्तर. त्यांच्या आईचा. आई गाण्याच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत उभी राहून गायची, तेव्हा हा कोट घालायची. नर्सबाईंना त्याचं मुलीसाठी जाकीट करून हवं होतं. मुलगी व्हायोलिन वाजवते. रविवारी शहरात संगीत विद्यालयाची निवड होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

"गेल्या वर्षी नाही झाली," नर्सबाई म्हणाल्या, "या वेळी आजी अंगावर असू दे."

मेहुण्यांनी मखमलीवरून तळवा फिरवला, एकदा वर, एकदा खाली. मखमलीला लव असते. खालून वर पाहिली तर गडद दिसते, वरून खाली पाहिली तर फिकी. "लव सरळ ठेवीन," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शपथ घेतल्यासारखंच.

त्यांनी अस्तर सोडवलं, कोट उकलला, जाकीट कापलं. पुढचे भाग आणि पाठ कच्च्या टाक्यांनी जोडून दुकानातल्या मापाच्या पुतळ्यावर चढवले. बाह्या आणि कॉलर राहिली. आणि त्याच दुपारी, इतक्या वर्षांत कधी नव्हे ते, मशीनची सुई त्यांच्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेली. भिंतीपलीकडून मला मशीन थांबल्याचंच कळलं, कारण ओरडले वगैरे ते काही नाहीत. दवाखान्यात नर्सबाईंनीच सुई काढली आणि अंगठ्याला एवढा मोठा बोळा बांधला की तो वांग्यासारखा दिसायला लागला.

परत येऊन मेहुण्यांनी बाह्यांचे आणि कॉलरचे भाग गुंडाळले आणि एक हात व दात वापरून पट्टी बांधली. दुहेरी गाठ त्या बोळ्याने कुठली बसायला! एकेरी बसली. गुंडाळी टेबलावर ठेवली आणि मागे जाऊन पडले.

माझी बहीण टेबलाजवळून जाता जाता थबकली. मखमल, आणि एकेरी गाठ! मखमलीचा तुकडा तिला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. गुंडाळी उघडली. आतल्या कापडाला बाहीचा बाक होता, तो तिला दिसला, शिंप्याची बायको ती. पण तिने मनाशी काय जुळवावं? अंगठ्यामुळे यांचं कापणं चुकलं, फुकट गेलेल्या बाह्या यांनी मुकाट्याने चिंध्यांत टाकल्या, आणि दुसऱ्या कापतील. विचारायला गेलं तर यांना लाज वाटेल, म्हणून विचारलंच नाही. कात्री घेतली आणि वेडेवाकडे तुकडे केले. ते तिने एके ठिकाणी लावले नाहीत. ती नेहमी म्हणे, चांगला रंग एका जागी ठेवला तर डाग दिसतो, विखरून टाकला तर नजर सगळीकडे हिंडते. तिच्या त्या न संपणाऱ्या गोधडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी मखमल पसरली, आणि रात्र पडायच्या आत कडेचे टाकेही होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी थंडोबा चालायला लागले.

आधी मला समजेना काय बदललंय. भिंतीपलीकडे मशीन गप्प, आणि चपलांचे आवाज दोन. एक ओळखीचा, एक परका. डोकावलो तर मेहुणे टेबलाखाली वाकलेले. मग कपाटावर. मग पुतळ्याच्या आत हात घालून काहीतरी चाचपतायत. थोड्या वेळाने माझ्या दुकानात आले. आजवर कधी उंबरा ओलांडून आत आले नव्हते.

"दादा, इकडे काही आलंय का?"

"काय यायचं होतं?"

"काही नाही."

आणि माझे टायर एकेक उचलून खाली पाहायला लागले. ट्यूबच्या पेटीचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मी म्हटलं, "भाऊजी, अहो बसा तरी."

"नको. जांभळं काही दिसलं तर सांगा." आणि गेले. परत आले. पुन्हा गेले.  माणूस रोज ज्या खांबाला सायकल टेकवतो तो खांबच उठून हिंडायला लागावा तसं.

बहिणीची तर झोप उडाली होती. तिला वाटलं अंगठा ठणकतोय. तिने दूध दिलं, हळद दिली, शेक दिला. ते "हं" म्हणत आणि पुन्हा कपाट उघडत. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, हातात तीच गोधडी, सुई चालू, पाय चालू.

"दादा, ह्यांना काय झालंय रे? मला काही सांगत नाहीत. दुखत असेल का फार?"

"दुखण्याचं मला माहीत नाही," मी म्हटलं, "पण काहीतरी हरवलंय त्यांचं. माझ्या ट्यूबच्या पेटीत शोधत होते. म्हणाले, जांभळं दिसलं तर सांगा."

तिची सुई थांबली. मग पाय थांबले. दारात एक जुना टायर आडवा पडला होता, त्यावर ती बसली. नुसती बसली. हात मांडीवर, मांडीवर गोधडी, आणि डोळे गोधडीवर. मी सांगतो, गालफुगीच्या वेळी मला एवढी भीती वाटली नव्हती.

"अगं, बोल काहीतरी."

"दादा," ती म्हणाली, "बाह्या मी खाल्ल्या."

मग उठली ती वाऱ्यासारखी, आणि मी मागोमाग. दुकानात मेहुणे चिंध्यांची टोपली उपडी करून गुडघ्यांवर बसले होते. हिने कापायच्या टेबलावर गोधडी अंथरली आणि म्हणाली, "अहो, इकडे बघा."

मेहुणे उठले. पाहिलं. एका जांभळ्या तुकड्यावर तळवा ठेवला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. 

"लव उलटी लावलीयस," ते म्हणाले.

मला हसू फुटायला आलं होतं, पण बहिणीचा चेहरा पाहून गिळलं. ती बोलायला लागली ती थांबेना. "मला वाटलं तुमचं कापताना चुकलं. अंगठ्यामुळे. विचारलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला वाटलं मीच कुठे ठेवून विसरलो. तुला विचारलं असतं तर तू सगळं घर उपसलं असतंस."

"उपसलं असतं तर सापडलं असतं!"

"गाठ माझी चुकली."

"कात्री माझी होती."

"गाठ आधी."

"हे बघा, दोष मी घेतलाय, तो मला राहू द्या!"

मी मधे पडलो. "धन्य आहे तुमची. एकमेकांना जपता जपता बाईंच्या बाह्या गेल्या. आता असं करा, उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगा."

बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी सारखी केली. "उंदीर पंचकोनी कुरतडतो का, दादा? चल माझ्याबरोबर बाईंकडे. हे नकोत. हे तिथे गप्प उभे राहतील आणि बाई ह्यांना माफ करून मोकळ्या होतील. मला तसलं नको."

नर्सबाईंच्या दोन खोल्या औषधाच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. वर व्हायोलिन चालू होतं. चार सूर यायचे, थांबायचे, पुन्हा तेच चार. मुलगी उंच, हडकुळी. वाजवत नसली की बोटं टेबलाची कड खरवडत. कडेचा रंग इतका उडालेला की खालचं लाकूड पांढरं दिसत होतं.

बहिणीने सगळं सांगितलं, एका दमात, खोलीत फेऱ्या मारत. नर्सबाई उभ्याच राहिल्या.

"सुईची भोकं पडलीत?"

"पडलीत."

"मखमलीवरची भोकं जातात?"

"नाही जात."

"मग काय घेऊन आलात?"

"तोंड घेऊन आलेय," बहीण म्हणाली. "दुसरं काही आणण्यासारखं राहिलं नव्हतं."

नर्सबाई खिडकीकडे वळल्या. "एवढीच एक वस्तू होती हो तिची. लोकांच्या जखमा बांधते मी दिवसभर, म्हणून मला काही लागत नाही असं वाटतं का सगळ्यांना?" त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते ऐकायला जास्त जड गेलं. "जाकिटाचं नुसतं धड परत पाठवून द्या. रविवारी ती स्वेटर घालून जाईल."

"स्वेटर नको," मुलगी एकदम म्हणाली. "आई, मागच्या वेळी काय झालं विसरलीस? थांबून थांबून मी सगळी बाही उसवली. नाव पुकारलं तेव्हा हात थरथरत होते आणि लोकर लोंबत होती."

बहिणीच्या फेऱ्या कमी झाल्या. "थांबायला कुठे लावतात?"

"एका बोळात. बाकावर. सगळी मुलं गप्प बसतात. मलाच जमत नाही."

"आणि हात?"

"हातांचं काय करायचं तेच कळत नाही, काकू. मनात वाजवून बघावं म्हटलं तर आणखी थरथरतात."

माझी बहीण त्या मुलीकडे पाहत राहिली. शाळेच्या फोटोतला तो धुरकट पट्टा कोणीतरी पुढ्यात आणून उभा करावा तशी.

"पण शिंपीकाकांनी एकच गाठ का मारली?" मुलीने विचारलं.

बहिणीने मला डोळ्यांनी दटावलं. मी बोललो, माझं तोंड कधी राहिलंय! "अंगठ्याला केवढा तरी बोळा होता ना."

नर्सबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मीच बांधला," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.

"बाई," बहीण म्हणाली, "शनिवारपर्यंत मला द्या. त्याच तुकड्यांच्या बाह्या करते. पहिल्यासारख्या व्हायच्या नाहीत, खोटं कशाला बोलू. नाही पटल्या तर उसवून फेका, बिनबाह्यांचं जाकीट घालू दे तिला."

"तुमच्या हातांवर भरवसा कसा ठेवू मी?"

"आई, करू दे ना गं त्यांना," मुलगी म्हणाली. नर्सबाईंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

मग जे सुरू झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मधूनमधून जाऊन पाहिलं. आधी गोधडी उसवायची. तिने एकेक टाका ब्लेडच्या टोकाने उचलून कापला. प्रत्येक जांभळ्या तुकड्याच्या जागी खालची जुनी चादर उघडी पडत गेली. वर्षानुवर्षांचं काम, त्याला अशा खिडक्याच खिडक्या पडलेल्या. मी म्हटलं, "अगं, हळू." ती म्हणाली, "हळू केलं तर मला दिसेल मी काय करतेय."

मेहुण्यांनी बाहीचा कागदी नमुना काढला, त्याबरहुकूम पातळ सुती कापड कापलं आणि टेबलावर टाचलं. त्यावर हे तुकडे जुळवायचे. इथे दोघांची जुंपली.

"सगळ्यांची लव खाली," मेहुणे म्हणाले.

"मग आकार बसत नाहीत."

"बसव."

"अहो, हा असा लावला तर गडद दिसतो, तो तसा लावला तर फिका. जाणूनबुजून केलंय असं दिसू दे ना."

"मी बाईंना शब्द दिलाय, लव सरळ ठेवीन म्हणून."

"तो शब्द मीच कापला ना? मग जोडतेही मीच. सरका."

थंडोबा चक्क रागावून बाहेर गेले, रस्त्यावर तीन घरं चालून परत आले आणि सरकले.

कडा दुमडण्यात कापड खाल्लं गेलं आणि मखमल कमी पडली. कोटातून जाकीटच जेमतेम निघालं होतं, दुसरी कुठून आणणार? मग मेहुण्यांनीच कोटाचं सोडवलेलं अस्तर काढलं, ते करडं रेशीम. कोपरांपाशी आणि कॉलरच्या मागे ते बसलं. म्हणजे बाहेरचा एक धागाही आला नाही, सगळं एकाच कोटातलं. मग टाके. जुन्या सुईचं जिथे जिथे भोक होतं, तिथे तिने बारीक गाठीचा टाका घेतला, हळदीसारख्या पिवळ्या दोऱ्याने. जोडांवर पिसाचा टाका, खांद्यापासून मनगटापर्यंत झुकत उतरत गेलेला. भोकं एवढी होती की बाही पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेली. मखमलीला इस्त्री चालत नाही, लव बसते. म्हणून मेहुणे किटलीच्या वाफेवर बाही धरून उभे, अंगठा वर केलेला, तो बोळा वाफेने ओला होऊन टपटपतोय.

एकदा मी डोकावलो तर बहीण दुकानात फेऱ्या मारत होती, अंगात नुसत्या दोन बाह्या, जाकीट नाहीच. उजव्या हाताचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवत होती.

"हे काय नवीन?"

"बघतेय, हात ठिकाणावर राहतो का."

बाहीच्या टोकाला, आतल्या बाजूला, बाहेरून कोणाला दिसणार नाही अशी तिने जाड दोऱ्याची गाठींची रांग घातली होती. एकीला एक लागून, ज्वारीच्या दाण्यांएवढ्या. अंगठा सहज पोहोचेल तिथे.

"आणि राहतो का?"

"माझे पाय राहत नाहीत," ती म्हणाली, "पण हात राहतो."

शनिवारी नर्सबाई मुलीला घेऊन आल्या. जाकीट पुतळ्यावर होतं. त्यांनी बाह्या पाहिल्या, कॉलर पाहिली, एका पिवळ्या गाठीवर नख टेकवलं. बहीण मागच्या खोलीत आणि पुढच्या खोलीत, पुढच्या आणि मागच्या. मेहुणे मशीनच्या चाकाला उगाच तेल देत होते.

"हे माझ्या आईच्या कोटासारखं दिसत नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"नाही दिसत," मेहुणे म्हणाले.

"आई म्हणाली असती, भलतंच भडक आहे." त्यांनी कॉलर सारखी केली. "आणि लगेच अंगात घालून आरशापुढे गेली असती."

मुलीने तोवर घातलंही होतं. बाहीच्या आत अंगठा गेला, तिथे अडकला, आणि मग हळूच फिरायला लागला. तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "लोकरीसारखं ओढायला जाऊ नकोस. नुसतं फिरव. तुटल्या तरी चालतील, त्या तुटायलाच आहेत."

जाता जाता नर्सबाईंनी मेहुण्यांचा हात धरला. "अंगठा दाखवा." जुना बोळा सोडला, एक पातळ पट्टी गुंडाळली. "आता गाठ मारता येईल?"

"येईल."

"दुहेरी?"

"दुहेरी."

रविवारचं काय सांगू! सकाळच्या बसने मायलेकी गेल्या, आणि त्या क्षणापासून भिंतीपलीकडे चपला वाजायला लागल्या, दोन जोड. दुपारनंतर तर दोघं आळीपाळीने बसच्या थांब्यावर. ही येते तर ते जातात, वाटेत माझ्या दुकानासमोर भेटतात, एकमेकांना "नाही आली" सांगतात आणि पुढे जातात. शेवटी मीही पान्हा खाली ठेवला आणि थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली. मायलेकी उतरल्या, मुलीच्या खांद्यावर पेटी.

"काय झालं?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"कळवणार आहेत." तिने हात पुढे केला आणि बाहीचं टोक उलटवलं. गाठींची रांग पार चोळामोळा झाली होती. काही झिजून सपाट, काहींचे नुसते दोरे. "काकू, सगळ्या संपल्या. खूप वेळ बसवलं हो. पण नाव पुकारलं तेव्हा..." तिने पंजा हवेत धरून दाखवला. तो हलत नव्हता.

तिला घेतलं त्या विद्यालयात. ते पुढे कळलं तेव्हा आनंद झालाच, पण माझ्या बहिणीला विचाराल तर तिचा खरा आनंद थांब्यावरचाच. तेव्हापासून मुलगी सुट्टीला घरी आली की आधी दुकानात येते आणि न बोलता बाही पुढे करते. गाठी दर वेळी गेलेल्या असतात. बहीण दर वेळी नव्या घालते, दर वेळी दोऱ्याचा रंग वेगळा. जिचं काम कधी संपत नसे, तिला असं काम मिळालं जे संपलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा करायची मजा कुठली.

ती गोधडीही झाली पूर्ण. बहिणीने नाही केली, तिला त्या खिडक्यांकडे बघवेना. एक दिवस मेहुण्यांनी ती मशीनवर घेतली आणि प्रत्येक मोकळ्या जागी गिऱ्हाइकांच्या कोटांतून उरलेल्या कापडाचे चौकोन लावले, करडे, तपकिरी, काटकोनात, सरळ टिपेने. एवढ्या धिंगाण्यात ते चौकोन असे दिसतात, जसे लग्नघरात पेपर वाचत बसलेले पाहुणे. बहिणीने पाहिली, एका चौकोनावर टाका घालायला सुई काढली, आणि परत खांद्यावर टोचली. आता दोघं तीच पांघरतात.

परवाच मुलगी आली होती. जाकीट आता तिला तोकडं होतं, तरी सोडत नाही. "काकू, घाई आहे, अंगात असतानाच गाठी घाला," म्हणाली. मग काय, बहिणीने गळ्यातला दोरा ओढला, सुई ओवली, आणि सुरू. ही शिवता शिवता चालतेय, बाही हिच्या हातात, म्हणून मुलगीही चालतेय. दारापासून पुतळ्यापर्यंत, पुतळ्यापासून दारापर्यंत, दोघींचं बोलणं चालू, टाका चालू. मेहुणे मशीनवर, मान खाली, शिवण सरळ.

मी दारातून ओरडलो, "जपून गं! मागे एकदा सदऱ्याबरोबर पोरगी शिवली होतीस!"

"दादा," ती वळताना म्हणाली, "तू आधी वाटेतून बाजूला हो."